पदपथ, क्रॉसिंग आणि सायकल मार्गासाठी सरकारी निधी कसा मिळवावा

"निधी उपलब्ध नाही" हे उत्तर पदपथ, झेब्रा क्रॉसिंग किंवा सायकल मार्ग मागणाऱ्या बहुतेक अर्जदारांना कधी ना कधी मिळते. शासनाकडे किंवा महापालिकेकडे पैसे नाहीत असा त्याचा अर्थ क्वचितच असतो. आपण मागितलेल्या कामासाठी त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात, कोणत्याही लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या ठरलेल्या सदराखाली), तरतूद केलेली नाही, एवढेच ते उत्तर सांगत असते. "आमच्या भागात चालणे धोक्याचे झाले आहे" ही तक्रार कितीही खरी असली तरी तिच्यापुढे रक्कम लिहिता येत नाही. "अमुक शाळेच्या फाटकापासून तमुक बसथांब्यापर्यंत २१० मीटर लांबीचा पदपथ आणि एक उंच क्रॉसिंग" या ओळीपुढे मात्र ती लिहिता येते. (उंच क्रॉसिंग म्हणजे पदपथाच्या पातळीपर्यंत उचललेले क्रॉसिंग.) तक्रारीचे असे काम कसे करावे, ते योग्य दारी योग्य महिन्यात कसे न्यावे आणि मंजूर झाल्यावर हातचे जाऊ नये म्हणून काय करावे, याची माहिती पुढे दिली आहे. ती प्रामुख्याने महाराष्ट्रातील शहरांसाठी आहे. महामार्गालगतच्या गावांसाठी काय वेगळे करावे लागते, तेही ओघात येईल.

हे सारे इतक्या तपशिलात सांगण्याचे कारण एका आकड्यात आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होती. दर पाच मृतांमागे जवळपास एक जण पायी चालत होता. यातील कित्येक ठिकाणी काही लाखांच्या कामाने जीव वाचला असता, असे मला मनापासून वाटते.

आधी रस्त्याचा मालक शोधावा

एकाच शहरातून जाणारे चार रस्ते चार यंत्रणांचे असू शकतात. अंतर्गत रस्ते महापालिकेचे किंवा नगरपरिषदेचे असतात, राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे, आणि राष्ट्रीय महामार्ग भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे किंवा बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. आपल्या मालकीच्या नसलेल्या रस्त्यावर कोणतीही यंत्रणा सहजासहजी खर्च करत नाही, आणि तसा खर्च केला तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो.

आमच्या शाळेसमोरच्या चौकासाठी आम्ही दिलेला पहिला अर्ज पाच महिने टेबलांवरून फिरला आणि अखेर "सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही" अशा एका ओळीनिशी परत आला. तोपर्यंत अंदाजपत्रक मंजूर होऊन गेले होते, म्हणजे एक संपूर्ण वर्ष गेले. माहिती अधिकाराचा एक साधा अर्ज आधी केला असता तर ते वाचले असते. महाराष्ट्रात त्यासाठी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. त्यात तीन गोष्टी विचाराव्यात: रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, विकास आराखड्यात त्याची रुंदी किती दाखवली आहे, आणि गेल्या तीन वर्षांत त्यावर कोणत्या लेखाशीर्षातून किती खर्च झाला. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर विशेष उपयोगी पडते, कारण याच रस्त्यासाठी पूर्वी ज्या शीर्षातून पैसे आले, तेथून ते पुन्हा मागता येतात.

टेप, वही आणि एक तास

मोजमापाला फार सामग्री लागत नाही. पाच मीटरची टेप, एक वही, मोबाइलचा कॅमेरा आणि दोन माणसे पुरतात. इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था देशातील रस्त्यांची मानके ठरवते, आणि पादचारी सुविधांचे तिचे मानक आयआरसी १०३ या क्रमांकाने ओळखले जाते. त्यानुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच अशी पूर्ण मोकळी जागा हवी, आणि पदपथाची रस्त्यापासूनची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. येथे "मोकळी" हा शब्द महत्त्वाचा आहे. कागदावर दोन मीटरचा असलेला पदपथ विजेच्या फीडर पिलरपाशी (वीजवाटपाच्या पेटीपाशी) ७० सेंटिमीटर उरत असेल, तर चालणाऱ्यासाठी तो ७० सेंटिमीटरचाच आहे. अशा प्रत्येक ठिकाणी टेप आडवी धरून, आकडा वाचता येईल असे छायाचित्र घ्यावे. आम्ही २१० मीटरमध्ये अशी अकरा ठिकाणे टिपली: तीन झाडे, दोन फीडर पिलर, एक उघडे चेंबर, एक मोडका जाहिरात फलक आणि इमारतींच्या फाटकांपाशी पदपथ तोडून केलेले चार उतार. फाटकांच्या उतारांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, पण दर वीस पावलांवर खाली उतरून पुन्हा वर चढावे लागले की ज्येष्ठ माणसे पदपथ सोडून रस्त्याच्या कडेनेच चालू लागतात.

क्रॉसिंगसाठी मोजणी वेगळी असते. आयआरसी १०३ मध्ये यासाठी एक सूत्र दिलेले आहे आणि ते कनिष्ठ अभियंत्यापासून कार्यकारी अभियंत्यापर्यंत सर्वांना मान्य करावे लागते. गर्दीच्या एका तासात रस्ता ओलांडणाऱ्या माणसांची संख्या घ्यावी, त्याच तासात दोन्ही दिशांनी जाणाऱ्या वाहनांच्या संख्येचा वर्ग करावा आणि दोन्हींचा गुणाकार करावा. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा गुणाकार १० कोटींच्या वर गेला, किंवा दुभाजक असलेल्या रस्त्यावर २० कोटींच्या वर गेला, तर तेथे पादचाऱ्यांसाठी नियंत्रित क्रॉसिंगची, म्हणजे वाहनांना थांबावे लागेल अशा क्रॉसिंगची, गरज सिद्ध होते. तासाला १,००० वाहने आणि १२० माणसे असतील तर गुणाकार १२ कोटी होतो. ही मोजणी शाळा सुटण्याच्या वेळी करावी. रविवारी सकाळी केलेल्या मोजणीला अर्थ नाही. एकाने माणसांसाठी आणि दुसऱ्याने वाहनांसाठी वहीत पाच-पाच रेघांचे गठ्ठे करावेत, आणि दर पंधरा मिनिटांची बेरीज वेगळी लिहावी. पूर्ण तासाचे चित्रीकरण जवळ ठेवले तर आकड्यांवर शंका घेतली जात नाही.

सिग्नल असूनही ओलांडायला वेळ पुरत नसेल, तर सेकंद मोजावेत. सिग्नलची आखणी करताना चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरला जातो, म्हणजे १४ मीटर रुंद रस्त्यासाठी सुमारे १२ सेकंद. आमच्या इमारतीतील ७८ वर्षांच्या आजींना काठी टेकत तेवढेच अंतर पार करायला १८ सेकंद लागले. ही एक नोंद आम्ही अर्जात लिहिली, आणि बैठकीत अधिकाऱ्यांनी सर्वांत आधी तिच्याविषयीच विचारले.

अपघातांची माहिती स्थानिक पोलीस ठाण्याकडून किंवा वाहतूक शाखेकडून, पुन्हा माहिती अधिकारातूनच, मागावी. राष्ट्रीय महामार्गांसाठी केंद्र सरकारने "ब्लॅक स्पॉट"ची व्याख्या केलेली आहे: सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा एकूण दहा मृत्यू. महामार्गालगतच्या गावाने ही व्याख्या पूर्ण होत असल्याचे कागदोपत्री दाखवले, तर मागणीचे स्वरूपच बदलते, कारण ब्लॅक स्पॉट दूर करणे ही रस्त्याच्या मालक यंत्रणेची जबाबदारी ठरते.

पैसा नेमका कोठून येतो

शहरात पहिला आणि सर्वांत खात्रीचा स्रोत महापालिकेचे स्वतःचे अंदाजपत्रक हाच आहे. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याची पद्धत ठेवली आहे. क्षेत्रीय कार्यालयात किंवा संकेतस्थळावर अर्ज भरून पदपथ, क्रॉसिंग, पथदिवे, बसथांबे अशी कामे सुचवता येतात, आणि एका कामासाठी साधारणपणे ५ लाख रुपयांपर्यंतची मर्यादा राहिली आहे. ही मर्यादा लहान वाटली तरी एक उंच क्रॉसिंग, दोन्ही बाजूंचे उतार आणि दुचाकी रोखणारे बोलार्ड (छोटे खांब) एवढे काम करून घेण्याचा प्रयत्न तिच्यात नक्की करता येतो. मोठ्या पदपथाचे काम असेल तर त्याचे टप्पे पाडून, प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे उपयोगी पडेल अशा रीतीने मागावा. अर्धवट तुटलेला पदपथ कोणाच्याच कामाचा नसतो.

दुसरा मार्ग नगरसेवकांच्या प्रभागनिहाय कामांचा, ज्याला पुण्यात "स यादी" म्हणतात. तेथे कामे लवकर होतात, पण ती बहुधा जुने पेव्हर ब्लॉक काढून नवे बसवण्याची असतात. नगरसेवकांना भेटताना आपण नेमके उलट सांगावे: ब्लॉक आहेत तेच राहू द्यावेत, पण फाटकांपाशी पदपथ सलग करावा, फीडर पिलर हलवावा, चेंबरची झाकणे समपातळीत आणावीत. खर्च तेवढाच, कदाचित कमी होतो, आणि चालणाऱ्याला फरक पहिल्या दिवसापासून कळतो.

विधानसभा आणि विधान परिषद सदस्यांना स्थानिक विकास कार्यक्रमातून वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचवता येतात, आणि खासदारांनाही वर्षाला ५ कोटींचीच तरतूद आहे. आमदार आणि खासदार कामाची शिफारस करतात. पैसा जिल्हाधिकारी आणि जिल्हा नियोजन कार्यालयामार्फत अंमलबजावणी यंत्रणेकडे जातो. म्हणून शिफारसपत्र मिळाले की काम झाले असे समजू नये. ते पत्र नियोजन कार्यालयात कोणत्या तारखेला दाखल झाले, पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा तपशीलवार अंदाज) कोणाकडून व कधी मागवले आणि प्रशासकीय मान्यता कधी मिळाली, या तीन तारखा पाठपुराव्याने मिळवाव्यात.

नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या गावांत जिल्हा नियोजन समितीचा निधी अधिक महत्त्वाचा ठरतो. पालकमंत्री हे त्या समितीचे अध्यक्ष असतात. नगरोत्थान या शहरी सुविधांसाठीच्या राज्य योजनेतून रस्ते आणि पदपथांची कामे घेता येतात. काही बाबतींत स्थानिक संस्थेला आपला हिस्सा भरावा लागतो, आणि तो भरण्याची तयारी मुख्याधिकाऱ्यांनी ठरावाने दाखवली नाही तर प्रस्ताव पुढे सरकत नाही. ग्रामपंचायतीत हेच काम वित्त आयोगाच्या निधीतून घ्यायचे असेल, तर ते ग्रामसभेत मांडून ग्रामपंचायत विकास आराखड्यात लिहून घ्यावे लागते. आराखड्यात नसलेल्या कामावर तो निधी खर्च करता येत नाही.

स्मार्ट सिटी अभियानाच्या नावाने आजही अर्ज येतात. ते अभियान जून २०१५ मध्ये सुरू झाले आणि ३१ मार्च २०२५ रोजी संपले. त्या काळात पुण्यासह काही शहरांत रस्त्यांची चांगली पुनर्रचना झाली, त्यामुळे "अमुक रस्त्यावर जशी केली तशी रचना हवी" असे उदाहरण द्यायला ती कामे उपयोगी आहेत. निधीचा स्रोत म्हणून त्या अभियानाचे नाव मात्र आता लिहू नये.

सायकल मार्गाविषयी थोडे सावध राहावे. पुण्याने २०१७ मध्ये सविस्तर सायकल आराखडा मंजूर केला, आणि त्याआधी जलद बस मार्गांच्या कडेने सायकल ट्रॅक बांधले होते. त्यांतील अनेक ट्रॅक चौकात येऊन तुटतात, तर काहींवर वाहने उभी असतात. सायकलस्वाराला खरी भीती चौकातच वाटते. त्यामुळे दोन किलोमीटरचा नवा ट्रॅक मागण्यापेक्षा असलेल्या ट्रॅकमधील तुटलेले तीन चौक जोडून मागावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

महिन्यांचा हिशेब

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, पण अंदाजपत्रकाची जुळवाजुळव त्याच्या सहा-सात महिने आधीच सुरू होते. नागरिकांकडून सूचना मागवण्याची सूचना पुण्यात साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निघते. पुढे विभाग आपापल्या मागण्या मुख्य लेखा विभागाकडे पाठवतात, आयुक्त स्थायी समितीपुढे अंदाजपत्रक मांडतात आणि शेवटी मुख्य सभा त्याला मंजुरी देते. म्हणजे मोजणी जून-जुलैमध्ये, शाळा सुरू होताच करावी, गणपतीपूर्वी अर्ज द्यावा आणि दिवाळीनंतर विभागाच्या मागणीत आपले काम आले का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. मार्चमध्ये जागे झालेल्या अर्जदाराला फक्त वर्गीकरणाची आशा उरते. दुसऱ्या कामाची न वापरलेली तरतूद आपल्या कामाकडे वळवण्याला वर्गीकरण म्हणतात. ते होते, पण त्यासाठी राजकीय पाठबळ लागते आणि दुसऱ्या कोणाचे तरी काम मागे पडते.

निवडणुकांची आचारसंहिता लागली की नवी कामे थांबतात, हेही लक्षात ठेवावे.

अर्जात काय लिहावे

अर्ज एका पानाचा असावा. मोजणी, नकाशा आणि छायाचित्रे जोडपत्रात द्यावीत. मूळ मजकूर साधारण असा ठेवता येईल:

"विषय: अमुक रस्त्यावर, शाळेच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंत, सलग पदपथ व उंच क्रॉसिंग या कामासाठी आगामी अंदाजपत्रकात तरतूद करणेबाबत.

सदर रस्ता आपल्या ताब्यात असल्याचे माहिती अधिकारातील उत्तराने कळले आहे. प्रत सोबत जोडली आहे. सदर २१० मीटर लांबीत पदपथाची मोकळी रुंदी ११ ठिकाणी १.८ मीटरपेक्षा कमी आहे. शाळा सुटण्याच्या तासात १२० जण रस्ता ओलांडतात व १,००० वाहने जातात. आयआरसी १०३ मधील सूत्रानुसार ही संख्या नियंत्रित क्रॉसिंगच्या मर्यादेपलीकडे आहे. तरी कनिष्ठ अभियंत्यांसोबत संयुक्त पाहणी करून पूर्वगणनपत्रक तयार करावे व काम कोणत्या लेखाशीर्षाखाली प्रस्तावित केले ते लेखी कळवावे, ही विनंती."

शेवटच्या वाक्यातील दोन मागण्या मुद्दाम घातल्या आहेत. संयुक्त पाहणी झाली की काम अभियंत्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते, आणि लेखाशीर्ष लेखी मिळाले की पुढचा पाठपुरावा कोणत्या टेबलावर करायचा ते कळते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.

कायद्याचा आधार एका परिच्छेदात द्यावा, धमकीच्या सुरात मात्र नको. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४१ मध्ये रस्ते सुगम्य करण्याचा उल्लेख आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८-अ नुसार, रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल मानकांनुसार न झाल्याने मृत्यू किंवा अपंगत्व ओढवले, तर जबाबदार यंत्रणेला वा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ खाली येतो, असे स्पष्ट केले आहे. मानकांच्या बाजूने निर्णय घेऊ इच्छिणाऱ्या अधिकाऱ्याला फाइलवर लिहायला हे आधार लागतात, आणि ते आपण पुरवावेत.

अर्जात पथविक्रेत्यांना हटवण्याची मागणी घालू नये, असा माझा आग्रह आहे. त्यांना २०१४ च्या कायद्याचे संरक्षण आहे, वाद सुरू झाला की काम वर्षानुवर्षे अडकते, आणि भाजीवाल्या मावशींच्या उपस्थितीमुळे संध्याकाळी रस्ता एकट्या बाईला सुरक्षित वाटतो, हाही अनुभव आहे. चालण्याची १.८ मीटर जागा सोडून त्यांची जागा आराखड्यातच दाखवा, असे म्हणावे.

कार्यालयाकडून पादचारी पूल किंवा भुयारी मार्गाचा पर्याय पुढे आला तर घाईने होकार देऊ नये. वेगवान महामार्गावर त्यांना पर्याय नसतो, पण शहरातील रस्त्यावर चाळीस पायऱ्या चढून पुन्हा उतरण्यापेक्षा माणसे दुभाजक ओलांडणे पसंत करतात. पदपथाच्याच पातळीत उचललेले क्रॉसिंग अनेकपटींनी स्वस्त असते, वाहनांचा वेग तेच कमी करते आणि चाकांच्या खुर्चीलाही चालते.

मंजुरीनंतरचे काम

अंदाजपत्रकात नाव आले की अर्धा रस्ता पार झाला. त्यानंतर पूर्वगणनपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यादेश असे टप्पे असतात, आणि ३१ मार्चपर्यंत खर्च न झालेली तरतूद बहुधा व्यपगत होते, म्हणजे हातची जाते. डिसेंबर संपेपर्यंत कार्यादेश निघाला नसेल तर दर पंधरवड्याला कार्यालयात जावे. पावसाळ्यात खोदाई बंद असते, त्यामुळे प्रत्यक्ष कामाचे महिने मोजकेच हाती असतात.

पूर्वगणनपत्रकाची प्रत निविदा निघण्यापूर्वीच मागावी. त्यात रॅम्पचा उतार बारास एक या प्रमाणात आहे का, बोलार्डमधील अंतर चाकांच्या खुर्चीला पुरते आणि दुचाकीला अडवते का, फीडर पिलर हलवण्याचा खर्च वीज वितरण कंपनीकडे भरायची रक्कम म्हणून वेगळा दाखवला आहे का, हे पाहावे. आमच्या कामात हा शेवटचा मुद्दा सुटला होता, आणि नवा पदपथ त्याच जुन्या पिलरला वळसा घालून बांधला गेला.

काम चालू असताना माहिती अधिकाराच्या कलम २ मधील तरतुदीचा उपयोग करावा. तीनुसार नागरिकाला कामाची पाहणी करता येते, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मोजमापांची कार्यालयीन नोंदवही) पाहता येते आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुनाही घेता येतो. मोजमाप पुस्तिकेतील लांबी आपल्या वहीतील लांबीशी ताडून पाहावी. पट्टे थर्मोप्लास्टिक रंगाचे ठरले असतील आणि साधा रंग लावला जात असेल, तर ते पट्टे मारण्याच्या रात्रीच लक्षात आणून द्यावे. एका पावसाळ्यानंतर सांगून उपयोग होत नाही. दोषदायित्व कालावधी किती वर्षांचा आहे आणि कंत्राटदाराची अनामत रक्कम कधी परत होणार आहे, या दोन नोंदी जवळ ठेवाव्यात, कारण तोपर्यंत खचलेला ब्लॉक किंवा तुटलेले झाकण दुरुस्त करण्याचा खर्च कंत्राटदाराने करायचा असतो.

पुढे दोन-तीन वर्षांनी रस्त्याचे पुनर्डांबरीकरण निघते. जुना थर खरवडून न काढता त्यावर नवा थर चढवला की उंच क्रॉसिंग रस्त्यात बुडते आणि वाहने पुन्हा पूर्वीच्या वेगाने जाऊ लागतात. म्हणून डांबरीकरणाची निविदा निघताच "क्रॉसिंगच्या दोन्ही बाजूंना जुना थर खरवडून मूळ पातळी राखावी आणि पट्टे त्याच कामात पुन्हा मारून घ्यावेत" असे एका ओळीचे पत्र, जुन्या कार्यादेशाच्या प्रतीसह, त्याच कार्यकारी अभियंत्याकडे आवक शिक्क्यानिशी द्यावे.